बंपर सरळ केला

६ जानेवारी, सकाळ

आज ठरलं. जेवणाचं टेबल परत घ्यायचं.

ह्यांना जाऊन वर्ष होत आलं, तरी टेबलावर अजून ह्यांचीच वस्ती. रंगाच्या बाटल्या, ब्रश, पॉलिश पेपर, चिमटे आणि मधोमध ती अर्धवट गाडी, माझ्या तळहाताएवढी. मी ताटली मांडीवर घेऊन जेवते. लोकांच्या पँटी आखूड करायला येतात, त्या जमिनीवर पसरून कापते. गुडघे कुरकुरायला लागलेत.

गाडी टाकून देता येत नाही. अर्धवट शिवलेला कपडा कुणी टाकत नाही. शिवाय काल दातांच्या डॉक्टरांचा फोन आला. ह्यांच्या क्लबातले हे मित्र. छोट्या गाड्या बनवणाऱ्या मोठ्या माणसांचा तो क्लब. मार्चमध्ये प्रदर्शन आहे, ह्यांची शेवटची गाडी मांडू या म्हणाले. वहिनी, जशी आहे तशी द्या.

जशी आहे तशी कशाला? पुरी करून देईन. प्लॅस्टिकचे तुकडे चिकटवायचे, रंग मारायचा. जिने आयुष्यभर लोकांच्या चेन बदलल्या तिला हे अवघड नाही. ह्यांना एका गाडीला वर्ष लागायचं, कारण मधे मधे चहा आणि विचार. मी आठवड्यात संपवते. मग सगळं खोक्यात, टेबल मोकळं.

भावनेचा प्रश्न नाही. जागेचा आहे.

७ जानेवारी

चष्मा लावून गाडी नीट पाहिली आणि तिचा डबा शोधून शेजारी ठेवला.

डब्यावरच्या चित्रात लालभडक शर्यतीची गाडी आहे. दारावर मोठा ७, अंगावर पांढरे पट्टे. ह्यांनी काय करून ठेवलंय? रंग बिस्किटाचा, तोही चहात बुडवलेल्या. पुढचं एक दार जरा हिरवट. बहुतेक बाटली संपली आणि हाताला लागली ती दुसरी घेतली. मागचा बंपर एका बाजूने लोंबतोय. दोनपैकी एक वायपर लावलेलाच नाही. आत ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर पांढरा कपटा पडलाय, मागच्या सीटवर कसलंसं पिवळं झाकण.

शेवटच्या महिन्यांत ह्यांचे हात थरथरायचे. कप बशीवर वाजायचा. मी पाहून न पाहिल्यासारखं करायचे. रोज सकाळी हे टेबलापाशी बसायचे तेव्हा मला वाटायचं, चला, काम तरी चाललंय. काम हे असं चाललं होतं.

क्लबातल्या लोकांची नजर म्हणजे भिंग. तोंडावर कुणी काही बोलणार नाही. पण घरी जाताना एकमेकांना म्हणतील, बिचाऱ्याचा हात गेला होता. ते मी होऊ देणार नाही. एकही चूक शिल्लक ठेवायची नाही. गाडी थेट डब्यावरच्या चित्रासारखी झाली पाहिजे, आणि माझा हात लागलाय हे कुणाला कळता कामा नये.

जशी आहे तशी द्या, याचा अर्थ आता लागला. डॉक्टरांनी पाहिलेलं असणार. दया दाखवत होते.

१० जानेवारी, दुपार

सफाई. डॉक्टर आपली जुनी हत्यारं क्लबात वाटतात, त्यामुळे ह्यांच्याकडे दात कोरायचे आकडे पेलाभर आहेत. कुणाच्या तरी दाढेत फिरून आलेल्या आकड्याने मी बंपर सोडवला. तो खालून केसाएवढ्या तारेने बांधला होता. एवढी बारीक तार ओवायची कशाला? गोंद लावला असता तर सरळ बसला असता. तार कापली.

सीटवरचा कपटा निघता निघेना. मुद्दाम चिकटवल्यासारखा बसला होता. पिवळं झाकणही तसंच. कचराही इतका पक्का बसतो याचं नवल वाटलं. दोन्ही ओरबाडून काढलं, केरात टाकलं.

आत आता स्वच्छ. जरा ओकंबोकं दिसतं, पण स्वच्छ.

११ जानेवारी

इन्स्टंट ग्लू आणला. बंपर सरळ केला. माझं बोट आणि अंगठाही सरळ झाले, एकमेकांना चिकटून.

नेमक्या वन्सं वर आल्या. ह्यांची थोरली बहीण, खालच्याच मजल्यावर राहतात आणि माझं काही बिघडलं की त्यांना वास येतो. म्हणाल्या, हात असा काय धरलायस, चिमूटभर मीठ मागायला निघाल्यासारखा? मी म्हटलं, बोटांचा व्यायाम आहे, दातांच्या डॉक्टरांनी सांगितलाय. म्हणाल्या, मग दुसऱ्या हाताचाही कर, तो कशाला उपाशी.

कोमट पाण्यात हात घालून बसले. एका हाताने पानं उलटता येतात, त्यामुळे वेळ वाया गेला नाही. कादंबरीतली बाई नवऱ्याला सोडून निघाली आहे. माझ्याकडे तिच्यापेक्षा जास्त कामं आहेत.

१५ जानेवारी

पुढची काच त्याच गोंदाने बसवली. सकाळी पाहते तर काचेवर धुकं. फडक्याने पुसलं, जाईना. व्हिनेगर लावलं, जाईना. डॉक्टरांना फोन केला. आधी पोटभर हसले, मग सांगितलं की त्या गोंदाची वाफ काचेला खाते, काचेला साधा पांढरा गोंद लावायचा. मदतीला येऊ का, म्हणाले. नको म्हटलं. एकदा बघून तरी जातो, म्हणाले. थेट प्रदर्शनात बघा म्हटलं. यावर पुन्हा तेच, वहिनी, त्याला फार हात लावू नका, छान चाललं होतं त्याचं.

किती सांभाळून घेतात. माणूस चांगला आहे.

काच टूथपेस्टने घासते आहे. शर्यतीत काचेवर थोडं धुकं असणारच म्हणा.

आठवड्याचा बेत थोडा पुढे जाईल. ह्या महिनाअखेर नक्की.

२३ जानेवारी

एक हेडलाइट चिमट्यातून उडाला. कुठे गेला कळलं नाही. मसुरीच्या दाण्याहून लहान. टेबलाखाली ओणवी होऊन शोधलं. हे असे नेहमी टेबलाखाली असायचे. मी विचारायची, अहो, काय हरवलं? तर म्हणायचे, उजवा आरसा. मी म्हणायची, मिळाला की त्यात स्वतःचं तोंड बघा.

वन्संनी दारातून मला त्या अवस्थेत पाहिलं. काही न बोलता निघून गेल्या. हे त्यांच्या बोलण्यापेक्षा वाईट.

हेडलाइट माझ्या अंबाड्यात सापडला. आंघोळीच्या वेळी.

२ फेब्रुवारी

रंगाचा दिवस. आधी बिस्किटी रंग पॉलिश पेपरने घासून काढला. हिरवट दार सगळ्यांत चिवट. ह्यांनी त्यावर कितीतरी पातळ थर दिले होते, एक घासला की खाली दुसरा. बाटली संपली म्हणून घाईने रंगवलेल्या दाराला इतके थर कसे, हा प्रश्न मनात आला होता. पण हात कामात होते.

मग बाथरूममध्ये स्प्रे. खिडकी उघडी, नाकाला ओढणी. गाडी लाल झाली. फरशीच्या चार लाद्या, नळ, माझी डावी चप्पल आणि पांढरा टॉवेल हेही लाल झाले. वास पाइपाच्या पोकळीतून खाली गेला. वन्सं धापा टाकत वर आल्या. म्हणाल्या, गॅस सुटलाय की तू? टॉवेल पाहिला आणि भिंतीला टेकल्या. रंग आहे म्हटलं. म्हणाल्या, आधी सांगायचं, मी शेजाऱ्यांना उठवलं ना.

लाल रंग फार खुलला आहे. जागोजाग ओघळ आलेत, ते वाळले की दिसणार नाहीत.

९ फेब्रुवारी

वाळले. दिसतात.

ओघळ घासले, दुसरा हात दिला. आता पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा झालाय. कापडाला पोत असतो, तसा हा गाडीला. लांबून छान. प्रदर्शनात दोरी लावतात, लोक लांबूनच बघतात.

मुलीचा फोन होता. ती दुसऱ्या शहरात, नोकरी आणि दोन पोरं, त्यामुळे तिचा फोन म्हणजे अर्धा मला आणि अर्धा पोरांना. तुझा आवाज खूश वाटतोय, म्हणाली. मी म्हटलं, बाबांची गाडी दुरुस्त करतेय. ती म्हणाली, कुठली, आपली? मी म्हटलं, आपली कुठली आता, ती कधीच विकली, ही खेळण्यातली. मग ती कुणाला तरी सोफ्यावरून उतर म्हणून ओरडली आणि फोन ठेवला.

खूश वगैरे काही नाही. कामात आहे, एवढंच.

२० फेब्रुवारी

आकडे आणि पट्टे लावले. हे स्टिकर बशीतल्या पाण्यात भिजवतात, मग ते कागदावरून सुटतात आणि गाडीवर सरकवायचे असतात. सुटतात हे खरं. पण पुढे कुठे जातील याची खात्री नाही. एक पट्टा स्वतःभोवती गुंडाळून बसला. एका दारावरचा ७ छान बसला. दुसरा मिळेना. बशीत नाही, टेबलावर नाही.

संध्याकाळी वाचनालयात गेले. काउंटरवरच्या बाई माझ्या कोपराकडे बघून म्हणाल्या, ताई, हा ७ कसला? शर्यतीचा म्हटलं. त्यांनी पुस्तकावर शिक्का मारला.

दुसरा ७ पेनने काढला.

२८ फेब्रुवारी

झाली. गाडी पुरी झाली.

चार चाकांपैकी तीन टेकतात. चौथं जरा वर राहतं, त्याखाली कागदाची घडी ठेवली. दोन्ही वायपर आहेत. बंपर फूटपट्टी लावून सरळ. डबा शेजारी ठेवून पाहिला. तीच गाडी. ह्यांचा हात शेवटपर्यंत पक्का होता असंच कुणीही म्हणेल.

ह्यांना क्लबात कधी पहिला नंबर मिळाला नाही. दरवेळी उत्तेजनार्थ. घरी येऊन म्हणायचे, मला उत्तेजन पुरे झालं, आता बक्षीस द्या. यंदा मिळणार. मी निळी साडी इस्त्री करून ठेवली आहे. स्टेजवर काय बोलायचं तेही योजलंय, थोडक्यात.

टेबल प्रदर्शनानंतर आवरेन. एखादा टवका उडाला तर रंग हाताशी असलेला बरा.

८ मार्च

गाडी खोक्यातून पोचवून आले. हॉलमध्ये मांडामांड चालू होती. दारातल्या तरुण मुलीने नाव विचारलं. ह्यांचं दिलं. तिने गाडी वळवून वळवून पाहिली. म्हणाली, काका नवीन आहेत का क्लबात? मी म्हटलं, तू नवीन दिसतेस. डॉक्टर दिसले नाहीत. बरंच झालं. उद्या एकदम पाहतील.

९ मार्च, संध्याकाळ

निळी साडी नेसून गेले. मधल्या टेबलांवर दोऱ्या, दिवे, गर्दी. ह्यांची गाडी तिथे नव्हती. शोधत शोधत पार दाराजवळ, चपलांच्या कपाटाशेजारी सापडली. वर पाटी: नवशिके. एका बाजूला पिवळा ट्रक, दुसऱ्या बाजूला चाकं उलटी लावलेली जीप. गाडीपुढे परीक्षकांचं कार्ड. स्वच्छ काम. डब्याबरहुकूम. सराव वाढवावा.

वीस वर्षं क्लबात घालवलेल्या माणसाला सराव वाढवावा. मी पदर खोचला. अध्यक्ष कोण म्हणून विचारणारच होते, तेवढ्यात डॉक्टर आले. कपाळावर भिंगाचा चष्मा. नमस्कार केला, टेबलावर पाहिलं, टेबलामागे पाहिलं. म्हणाले, वहिनी, आणलीत ना, कुठे आहे त्याची गाडी?

मी म्हटलं, ही काय.

ते म्हणाले, ही नाही, त्याची.

मी म्हटलं, हीच ती. मी दुरुस्त केली.

त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि वाकले. बराच वेळ वाकलेलेच. काचेतून आत बघायचा प्रयत्न केला, काचेला धुकं. मग वाकल्या वाकल्याच हळू आवाजात विचारलं, पुस्तक कुठे गेलं?

कसलं पुस्तक म्हटलं.

मग त्यांनी मला खुर्चीवर बसवलं आणि सांगितलं. ती शर्यतीची गाडी नव्हतीच. डब्यातल्या गाडीचा सांगाडा जुळत होता, म्हणून ह्यांनी तो घेतला आणि त्यातून आमची गाडी घडवत होते. ती जुनी, दुसऱ्याकडून घेतलेली. कुणीतरी ठोकल्यावर भंगारातून आणून बसवलेलं हिरवट दार. तारेने बांधलेला बंपर. चोरीला गेलेला वायपर. मुलीला गाडी लागायची म्हणून मागे पिवळी बादली. आणि शेजारच्या सीटवर माझं पुस्तक.

क्लबात सांगायचे म्हणे, मी एकही पुस्तक वाचलेलं नाही, पण त्या गाडीत हिने मला सगळी वाचून दाखवली. नखाच्या टोकाएवढं पुस्तक, त्याला खरी पानं होती. डॉक्टर म्हणाले, भिंगातून पाहिलं तेव्हा एका पानाचा कोपरा दुमडलेला होता. तुम्ही दुमडता ना, म्हणाले.

मी विचारलं, पण ह्यांचे हात तर थरथरायचे. डॉक्टर म्हणाले, कप धरताना थरथरायचे. मी त्याला आमची युक्ती शिकवली होती, दाढ कोरताना आम्ही करंगळी टेकवतो तशी. करंगळी टेबलावर रोवायची, श्वास सोडायचा, मग एकच गोष्ट करायची आणि उठायचं. दिवसाला एकच. म्हणाले, बंपर सरळ कुणीही लावेल, वहिनी. नेमका तेवढाच लोंबता ठेवायला हात पक्का लागतो.

मी म्हटलं, हॉलमध्ये फार उकडतंय. आणि घरी आले.

१० मार्च

कुणीही तेच केलं असतं. डब्यावर लाल होती. घरच्या माणसाने निदान सांगायचं तरी. अहो, ही आपली गाडी बनवतोय, एवढं बोलायला काय झालं होतं. मी विचारलं असतं तर सांगितलंही असतं, असं वन्सं म्हणाल्या. त्या आज दिवसभर माझ्याकडेच होत्या. टोमणा एकच मारला, तोही जेवण झाल्यावर.

जानेवारीचा केर मार्चमध्ये शोधत नसतात, इतपत कळतं मला. टेबलाखाली हात फिरवून आले, ते सहज.

दुपारी पडल्या पडल्या लक्षात आलं. म्हणजे हात गेला नव्हता. जिची लाज मला झाकायची होती ती गोष्ट घडलीच नव्हती. यावर काय वाटायला हवं ते कळेना. उठून बाथरूमच्या लाद्या घासल्या.

१६ मार्च

डॉक्टरांना विचारलं, लाल रंग उतरवता येईल का. म्हणाले, येईल, पण खाली आता काय उरलंय? तसाच दुसरा डबा मात्र आणून दिला. आमची गाडी मीच करणार आहे. ह्या वेळी चुकांसकट. पुढच्या प्रदर्शनाला वर्ष आहे, मला सहा महिने पुरेत.

दाराचा नेमका रंग पाहिजे म्हणून सगळ्यांना फोन केले. मुलगी म्हणाली, हिरवट की निळसर ते नाही आठवत, आई, मी सगळा प्रवास बादलीत तोंड घालून केलाय. बादली आतून पिवळी होती, एवढं शपथेवर सांगते. मग म्हणाली, तुझा आवाज मात्र आठवतो, मधेच थांबायचीस आणि बाबा म्हणायचे, पुढे? ती रडत होती की पोरांवर चिडली होती, फोनवर कळलं नाही.

वन्संना विचारलं. म्हणाल्या, मला कधी नेलंत त्या गाडीतून?

मला स्वतःला काही सांगता येईना. इतकी वर्षं गाडीत बसले, पण दार बाहेरून बघायला थांबले कधी? मांडीवर पुस्तक आणि बाजूला ह्यांचा हात गिअरवर, एवढंच पाठ आहे. मला गाडी आतूनच माहीत आहे.

मग आतून सुरुवात करायची. दाराचं पुढे बघू.

२३ मार्च, सकाळ

बेत असा. दिवसाला एकच गोष्ट. करंगळी टेबलावर, श्वास सोडायचा, काम करायचं, उठायचं. घाई नाही, गप्पा नाहीत, इन्स्टंट ग्लू घरातूनच बाहेर. शिलाईचे कपडे जमिनीवरच कापीन, गुडघ्यांना पट्टा आणलाय. वन्संना सांगून ठेवलंय की सकाळी वर यायचं नाही.

आज माझी सीट. सीटला रेक्झिनचा रंग दिला, खऱ्या गाडीत खिडकीकडची शिवण उसवली होती आणि मी दोऱ्याने शिवली होती, तीसुद्धा सुईच्या टोकाने कोरली. डोळ्यांत पाणी यायला लागलं, ते रंगाच्या वासाने. करंगळी टेकवली. श्वास सोडला. हात जरासुद्धा हलला नाही. डॉक्टरांनी दिलेल्या गोंदाने सीट जागच्या जागी बसली, ह्यांनी बसवली असती तशी. उठले, चहा केला, गॅलरीत उभी राहून प्यायले.

दुपार

परत येऊन पाहिलं. सीटचं तोंड मागे आहे, बादलीकडे.

ओढून पाहिली. निघत नाही.